शिक्क्यावरचं ‘रिटायरमेंट’

थायलंडमध्ये निवृत्तीनंतर राहणाऱ्याच्या पासपोर्टात एक शिक्का असतो. त्यावर कोणत्या तारखेपर्यंत राहायला परवानगी आहे ते लिहिलेलं असतं आणि अधिकाऱ्याची सही असते. देशाबाहेर जाण्याआधी री-एंट्री परमिट (परत आत येण्याची परवानगी) घ्या, नाहीतर ही मुदत रद्द होईल, अशी सूचनाही असते. आणि जवळच एक शब्द असतो : रिटायरमेंट. तारीख सगळे पाहतात, मोबाईलमध्ये नोंदवून ठेवतात. या शब्दाकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. मग वर्षा-दोन वर्षांनी कुणीतरी विचारतं, "आमच्या शाळेत गणित शिकवाल का?", "हॉटेलचे हिशेब बघाल का?", आणि तेव्हा हा एक शब्द आडवा येतो.

निवृत्त माणसाला काम हवं असतं ते नेहमी पैशासाठीच असं नाही. पस्तीस वर्षं वर्गात उभं राहिलेल्या बाईंना सकाळी दहा वाजता गॅलरीत बसून चहा पिणं जमत नाही. आयुष्यभर यंत्रांशी बोललेल्या माणसाचे हात शिवशिवतात. पुण्या-नाशिकहून चिआंग माई, हुआ हिन किंवा बँकॉकला गेलेल्या जोडप्यांचं सुरुवातीचं वर्ष देवळं, समुद्र, बाजार यांत मजेत जातं. दुसऱ्या वर्षी दिवस मोठा वाटू लागतो. मग "या व्हिसावर काम करायची परवानगी कशी मिळते?" हा प्रश्न येतो. त्याचं खरं उत्तर असं आहे, की या व्हिसावर ती मिळतच नाही. आधी मुक्कामाचं कारण बदलावं लागतं, परवाना त्याच्यानंतर. हा क्रम नीट कळला तर बाकीची धावपळ सोसता येते. तो उलटा झाला तर पैसे जातात, कधी कधी घरही सुटतं.

निवृत्तीचा मुक्काम ही मुळात एका कबुलीवर दिलेली परवानगी आहे. वय ५० पूर्ण, थाई बँकेत ८,००,००० बाट किंवा महिना ६५,००० बाटचं उत्पन्न, किंवा दोन्ही मिळून वर्षाला ८,००,००० चा हिशेब. म्हणजे अर्जदार सांगतो, "माझ्या पोटापाण्याची सोय मी बरोबर घेऊन आलोय, तुमच्या माणसांच्या नोकरीवर माझा डोळा नाही." या कबुलीवर सरकार एकेका वर्षाची मुदत देतं. अर्ज टीएम ७ या फॉर्मवर, शुल्क १,९०० बाट. भारतातून नॉन-इमिग्रंट ओ-ए हा निवृत्तांसाठीचा व्हिसा घेऊन येणाऱ्याच्या पासपोर्टावर तर नोकरीला मनाई असल्याचं स्पष्ट छापलेलं असतं. १९७९ च्या इमिग्रेशन कायद्यातलं कलम ३७ तात्पुरत्या मुक्कामावर आलेल्या प्रत्येक परक्याला परवानगीशिवाय व्यवसाय किंवा नोकरी करायला मनाई करतं. त्यामुळे ‘माझ्या व्हिसावर मनाईचा शिक्का नाही, साधा नॉन-ओ (इतर कारणांसाठीचा व्हिसा) आहे’ हा बचाव टिकत नाही.

सगळे देश असं करतात असंही नाही. फिलिपिन्समध्ये निवृत्त रहिवाशाचा खास व्हिसा असलेला माणूस तिथल्या श्रम खात्याकडून परवाना घेऊन नोकरी करू शकतो, व्हिसा तसाच राहतो. थायलंडने निवृत्त आणि कामकरी ही दोन खाती वेगळी ठेवली आहेत. मनिलातल्या मित्राने दिलेला सल्ला म्हणूनच बँकॉकमध्ये लागू पडत नाही.

आता ‘काम’ म्हणजे काय, ते पाहू. जास्तीत जास्त माणसं अडकतात ती याच जागी. थायलंडमध्ये परदेशी माणसांच्या कामाबद्दल २०१७ चा अध्यादेश आहे आणि २०१८ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. दुरुस्तीनंतरची व्याख्या थोडक्यात अशी : कोणताही व्यवसाय करणं, मालक असो वा नसो. पगार मिळतो की नाही, हा प्रश्न या व्याख्येत मधे येतच नाही. मित्राच्या भारतीय रेस्टॉरंटमध्ये संध्याकाळी गल्ल्यावर बसणं, सोसायटीच्या हॉलमध्ये आठवड्यातून तीनदा योग शिकवणं, देवळाच्या शाळेत फुकट इंग्रजी शिकवणं, बारमध्ये गिटार वाजवणं, यातलं प्रत्येक काम तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या नजरेत काम ठरू शकतं. ‘मी पैसे घेत नाही’ हे वाक्य आपल्याकडे पुण्याईचं मानलं जातं. तिथल्या टेबलावर ते पुरावा ठरत नाही.

आणि या रेस्टॉरंटच्या गल्ल्याची गोष्ट तर आणखी अवघड आहे. परक्यांना मनाई असलेल्या कामांची यादी थायलंडमध्ये १९७० च्या दशकापासून आहे. श्रम मंत्रालयाने २०२० मध्ये नव्याने काढलेल्या यादीत ४० कामं आहेत आणि त्यांतली २७ कोणत्याही परिस्थितीत बंद. लाकडावरचं कोरीवकाम, वाहन चालवणं, केस कापणं, पर्यटकांना वाट दाखवणं, फिरून माल विकणं, थाई मसाज, कारकुनी आणि सेक्रेटरीचं काम, ही सगळी त्या २७ मध्ये. दुकानात उभं राहून माल विकण्याचं काम फक्त शेजारच्या देशांशी केलेल्या करारांखाली येणाऱ्या मजुरांसाठी मोकळं आहे. म्हणजे मित्राच्या दुकानात काउंटरमागे उभं राहण्यासाठी भारतीय पेन्शनरला परवाना मिळण्याचा रस्ताच नाही. हिशेबनीस आणि स्थापत्य अभियंता यांच्यासाठी दार आंतरराष्ट्रीय करारांच्या अटींनी किलकिलं ठेवलेलं आहे. म्हणून कुणी काम देऊ केलं की पगाराच्या आधी पदाचं नाव विचारावं. ‘हिशेब बघणारे काका’ असं कोणतंही पद नसतं. परवान्यावर जे पद लिहिलं जाईल तेच काम करायचं असतं.

दंडाचा हिशेबही माहीत असू द्या. परवान्याशिवाय काम करणाऱ्याला ५,००० ते ५०,००० बाट दंड, देशाबाहेर रवानगी, आणि त्यानंतर दोन वर्षं परवान्यासाठी अर्ज करता येत नाही. २०१८ आधी यात तुरुंगवासही होता, तो काढला. कामावर ठेवणाऱ्याला माणशी १०,००० ते १,००,००० बाट दंड होतो. दंडाची रक्कम भरता येते. खरी झळ बसते ती रवानगीची, कारण चिआंग माईत भाड्याने घेतलेलं घर, बँकेतली ठेव, डॉक्टर, शेजारी, सगळं मागे राहतं. सत्तरीतल्या माणसाला हा धक्का पन्नास हजार बाटांपेक्षा कितीतरी मोठा असतो.

ज्यांना खरंच काम करायचं आहे, त्यांच्यापुढे रस्ता असा आहे.

आधी मालक तपासायचा. परवान्याचा अर्ज माणसाचा असला तरी त्यातली अर्धी कागदं कंपनीची असतात, आणि अर्ज नाकारला जातो तो बहुधा तिथेच. साधा नियम असा, की एका परदेशी माणसामागे कंपनीचं २०,००,००० बाट भरलेलं भांडवल हवं, आणि इमिग्रेशन एका परदेशी माणसामागे चार थाई कर्मचारी मागतं. थाई नागरिकाशी लग्न झालेल्या माणसाच्या बाबतीत भांडवलाची अट निम्मी होते. ते चार कर्मचारी कागदावरचे चालत नाहीत. त्यांची सामाजिक सुरक्षेची वर्गणी दरमहा भरल्याच्या पावत्या लागतात, बहुधा मागच्या तीन महिन्यांच्या. छोटी कंपनी इथेच घसरते. दोन कर्मचारी कायमचे, दोन ऐनवेळी नोंदवलेले, पावत्या फक्त एका महिन्याच्या. मग अर्ज परत. म्हणून काम देणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायचा : तुमच्याकडे थाई कर्मचारी किती, आणि त्यांची वर्गणी कधीपासून भरताय? उत्तर गोलमोल आलं तर पुढे जाऊ नये. ओळखीतला मालक असेल तर असं विचारणं जड जातं, पण ते न विचारल्याने मैत्रीही जाते आणि मुक्कामही.

पगाराचाही आकडा ठरलेला आहे. नोकरीच्या कारणावर वर्षाचा मुक्काम देताना इमिग्रेशन माणसाच्या राष्ट्रीयत्वानुसार किमान मासिक पगार पाहतं. भारतीयांसाठी तो ३५,००० बाट आहे, युरोप-अमेरिका-जपानच्या माणसासाठी ५०,०००. ‘मला पगार नको, दहा हजार मानधन द्या’ असं म्हणणारे भले गृहस्थ या अटीवर अडतात. आणि पगार कागदावर ३५,००० दाखवून हातात कमी द्यायचा, असं करू नये, कारण त्या ३५,००० वर कापलेल्या कराच्या पावत्या पुढच्या वर्षी पुन्हा मागतात.

कंपनी ठीक निघाली की ती श्रम मंत्रालयाच्या रोजगार विभागाकडे अर्ज करते : अमुक माणूस आम्हाला अमुक कामासाठी हवा आहे, तो परदेशातून येणार आहे. या अर्जाला लोक अजूनही ‘डब्ल्यूपी ३’ म्हणतात. ही पूर्वमंजुरी आणि कंपनीचं पत्र घेऊन थाई वकिलातीकडे नॉन-इमिग्रंट बी, म्हणजे नोकरी-व्यवसायासाठीच्या व्हिसासाठी अर्ज करायचा. भारतातून करायचा तर दिल्लीची वकिलात आणि मुंबई, चेन्नई, कोलकाता इथले वाणिज्य दूतावास आहेत. २०२५ च्या सुरुवातीपासून भारतातले अर्ज ऑनलाइन ई-व्हिसा पद्धतीने होतात. बरेच जण शेजारच्या लाओसमध्ये व्हिएन्तियानला जाऊन करतात. पण निवृत्त माणसाने मुंबईला येऊन अर्ज करावा, असं आमचं मत आहे. पदवीच्या कागदांचं काहीतरी राहिलं असेल तर ते इथेच सुधारता येतं. लाओसमध्ये हॉटेलचं भाडं भरत बसावं लागतं.

हे पदवीचं प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं. चाळीस वर्षांपूर्वीचं पदवी प्रमाणपत्र नळीत गुंडाळून कपाटावर ठेवलेलं असतं, त्यावर वाळवीचं भोक असतं, नाव लग्नाआधीचं असतं. शिक्षिका म्हणून जाणाऱ्या बाईंच्या पदवीवर माहेरचं आडनाव आणि पासपोर्टवर सासरचं, ही तर ठरलेली अडचण आहे. त्यासाठी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, किंवा नाव बदलाचं राजपत्र, इंग्रजीत आणि पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळणारं हवं. पदवीची खातरजमा आधी राज्य पातळीवर, मग परराष्ट्र मंत्रालयात आणि मग थाई वकिलातीत, अशा पायऱ्यांनी होते. विद्यापीठाकडून दुय्यम प्रत काढायची वेळ आली तर आठवडे जातात. हे सगळं नोकरीचा शब्द मिळाल्यावर सुरू करणं म्हणजे वरातीमागून घोडं. थायलंडला राहायला जाण्याआधीच पदवी, अनुभवाची पत्रं आणि विवाह प्रमाणपत्र यांचे शिक्के मारून घ्यावेत. पुढे काम करायचं की नाही हे ठरलेलं नसलं तरी.

शिक्षकांसाठी आणखी एक टप्पा आहे. थायलंडच्या शाळेत शिकवायला शिक्षक परिषदेचा, म्हणजे खुरुसफाचा, परवाना लागतो, किंवा तो नसेल तर शाळेने मागून घेतलेली तात्पुरती सूट. आपल्याकडचं बी.एड. असेल तर बाजू भक्कम होते. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांकडून इंग्रजीच्या परीक्षेचे गुणही मागतात, मग माणूस तीस वर्षं इंग्रजी माध्यमात शिकवत असला तरी. याचं वाईट वाटतं, ते स्वाभाविक आहे. पण या अटीवर वाद घालून कुणाचा अर्ज पुढे सरकलेला नाही. परीक्षा देऊन टाकावी.

आता सगळ्यात नाजूक भाग. नॉन-बी व्हिसा हातात आला आणि माणूस बँकॉकच्या विमानतळावर उतरला. पासपोर्टात जुनी निवृत्तीची मुदत अजून चालू आहे, त्यावर आधी काढून ठेवलेलं री-एंट्री परमिटही आहे : एका फेरीचं १,००० बाटचं किंवा अनेक फेऱ्यांचं ३,८०० चं. खिडकीतल्या अधिकाऱ्याने ते परमिट पाहून जुन्याच तारखेचा शिक्का मारला, तर माणूस निवृत्त म्हणूनच आत आला. नवा व्हिसा वापरलाच गेला नाही, आणि रोजगार विभागाच्या खिडकीवर हे कळायला आठवडा जातो. म्हणून काम करायचं ठरल्यावर देश सोडताना री-एंट्री परमिट काढायचंच नाही. ते नसताना देश सोडला की निवृत्तीची मुदत आपोआप संपते, वेगळा रद्दीचा अर्ज लागत नाही. आधीचं परमिट शिल्लक असेल तर उतरल्यावर खिडकीत नवा व्हिसाच पुढे करायचा, ‘नॉन-बी’ असं तोंडाने सांगायचं, आणि शिक्का मारल्यावर खिडकी सोडण्याआधी वाचायचा. तारीख ९० दिवसांची आहे ना, व्हिसाचा प्रकार बी आहे ना. रांगेतली मागची माणसं चुळबुळ करतात, करू देत. येण्याआधीच्या तीन दिवसांत भरायच्या डिजिटल आगमन कार्डावरही येण्याचं कारण तेच लिहावं.

देशातल्या देशात बदल करण्याचा रस्ताही लोक सांगतात. इथे कार्यालयागणिक वागणूक बदलते. एके ठिकाणी कागद घेतात, दुसरीकडे ‘बाहेर जाऊन या’ म्हणतात. निवृत्त माणसाने दोन महिने अशा अधांतरी अवस्थेत काढण्यापेक्षा बाहेर जाऊन यावं. एकच अपवाद खरोखर सोपा आहे : जोडीदार थाई नागरिक असेल तर. तेव्हा नॉन-ओ तोच राहतो, फक्त वार्षिक मुदतवाढीचं कारण निवृत्तीऐवजी विवाह असं करून घ्यायचं. त्याला बँकेत ४,००,००० किंवा महिना ४०,००० बाट लागतात, आणि त्या मुक्कामावर कामाचा परवाना मिळतो. दोघंही भारतीय असलेल्या जोडप्याला याचा काही उपयोग नाही.

आत आल्यावर परवान्याचा अर्ज. आता तो बराचसा ऑनलाइन झाला आहे, पण कागद तेच. वैद्यकीय दाखला : कुष्ठरोग, क्षयरोग, हत्तीरोग, तिसऱ्या टप्प्यातला सिफिलिस, अंमली पदार्थांचं व्यसन आणि दारूचं व्यसन, या सहा गोष्टी नाहीत असा. तो स्थानिक दवाखान्यात मिळतो. मधुमेह-रक्तदाबाचा त्यात संबंध नाही, उगाच औषधांची फाईल नेऊ नये. अर्जाचं शुल्क १०० बाट, परवान्याचं तीन महिन्यांपर्यंत ७५०, सहा महिन्यांपर्यंत १,५००, वर्षापर्यंत ३,००० बाट. कंपनीकडून नोंदणीचं प्रमाणपत्र, भागधारकांची यादी, ताळेबंद, कर भरल्याचे कागद, कचेरीचा नकाशा.

आणि फोटो. मुक्काम वाढवताना इमिग्रेशन कचेरीचे फोटो मागतं. इमारत बाहेरून, घर क्रमांक दिसेल असा, कंपनीची पाटी दिसेल असा, आतली टेबलं, आणि खुद्द अर्जदार आपल्या टेबलावर सहकाऱ्यांबरोबर काम करताना. हे फोटो उगीच नसतात. त्या चार थाई कर्मचाऱ्यांची खरी जागा, खरी खुर्ची आहे का, हे त्यात दिसतं. पाटीवरचं नाव आणि नोंदणीवरचं नाव वेगळं असेल, किंवा घर क्रमांक झाडाआड गेला असेल, तरी फेरी पडते. ९० दिवस संपण्याआधी पुन्हा टीएम ७, पुन्हा १,९०० बाट, आणि बहुधा ‘विचाराधीन’ असा तीस दिवसांचा शिक्का. त्या तीस दिवसांत अधिकारी कचेरीत येऊन पाहूही शकतात. त्यानंतर वर्षाची मुदत.

परवाना मिळाला म्हणजे कुठेही काम करायची मुभा मिळाली, असं नसतं. त्यावर मालक, कामाचं स्वरूप आणि जागा लिहिलेली असते. एका शाळेचा परवाना असताना शनिवारी दुसऱ्या शाळेत दोन तास घेणं हे पुन्हा विनापरवानाच. आपल्याकडे शिकवण्या घेण्याची सवय हाडात मुरलेली, त्यामुळे शिक्षक मंडळी इथेच चुकतात.

सेवाभावी कामाचंही तसंच. नोंदणीकृत प्रतिष्ठानाकडे स्वयंसेवक म्हणून जायचं तर त्या कारणासाठीचा नॉन-ओ वेगळा मिळतो, आणि त्यावरही कामाचा परवाना लागतो. चार कर्मचाऱ्यांची आणि भांडवलाची कटकट तिथे नसते. नुसतं शिकवण्याचं समाधान हवं आहे, पगार नको आहे, अशांनी कंपन्यांच्या मागे न लागता असं प्रतिष्ठान शोधावं. प्रतिष्ठानाने याआधी परदेशी स्वयंसेवकांचे परवाने काढले आहेत का, हे विचारावं. काढले नसतील तर पहिला प्रयोग आपल्यावर होतो.

लॅपटॉपवरच्या कामाबद्दल बरेच जण विचारतात. निवृत्त सनदी लेखापाल हुआ हिनमध्ये बसून नाशिकच्या दोन-चार जुन्या अशिलांची विवरणपत्रं भरतात, पैसे नाशिकच्याच खात्यात येतात. कायद्याच्या व्याख्येत हे बसतं, कारण काम करणारे हात थायलंडमध्ये आहेत. कुणी दार ठोठावायला येत नाही हे खरं, पण निवृत्तीच्या शिक्क्याखाली ते केलेलं आहे हेही खरं. अशांसाठी जुलै २०२४ पासून डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा) हा पाच वर्षांचा व्हिसा आहे : वय २० च्या पुढे, ५,००,००० बाट शिल्लक, एका प्रवेशावर १८० दिवस, शुल्क १०,००० बाट. परदेशी मालकाचं किंवा परदेशी अशिलांचं काम दूरून करणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवूनच तो काढला आहे. थाई कंपनीत नोकरी त्यावर करता येत नाही. दूरचं काम नियमित असेल तर निवृत्तीचा हट्ट सोडून हा घ्यावा. करही लक्षात ठेवावा. वर्षात १८० दिवस राहिलेला माणूस थायलंडचा करदाता रहिवासी ठरतो, आणि थायलंडमध्ये बसून केलेल्या कामाचं उत्पन्न पैसे कुठेही जमा झाले तरी तिथलंच मानतात.

खूप सधन निवृत्तांसाठी आणखी एक दार आहे. सप्टेंबर २०२२ पासून गुंतवणूक मंडळामार्फत दहा वर्षांचा दीर्घ रहिवासाचा व्हिसा मिळतो, त्यात ‘सधन पेन्शनर’ असा वर्ग आहे. वय ५० च्या पुढे आणि पेन्शन, व्याज, भाडं असं वर्षाला ८०,००० डॉलर उत्पन्न, किंवा ४०,००० च्या वर उत्पन्न आणि थायलंडमध्ये २,५०,००० डॉलरची गुंतवणूक. या व्हिसावर मात्र निवृत्त असूनही कामाचा परवाना काढता येतो आणि चार थाई कर्मचाऱ्यांची अटही लागत नाही. महाराष्ट्रातल्या पगारदार पेन्शनरांपैकी फारच थोड्यांना हा आकडा गाठता येईल. पण परदेशात नोकरी करून आलेल्यांनी आपला हिशेब एकदा मांडून बघावा, कारण निवृत्ती आणि काम एकाच पानावर नांदतात ते इथेच.

भारतातलेही दोन-तीन धागे सांभाळावे लागतात. केंद्र सरकारच्या गट ‘अ’ सेवेतून निवृत्त झालेल्याला निवृत्तीनंतर एक वर्षाच्या आत व्यावसायिक नोकरी घ्यायची तर सरकारची पूर्वपरवानगी लागते, आणि ती परदेशातली नोकरी आहे म्हणून सुटत नाही. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला देताना पुनर्नियुक्तीबद्दल विचारतात, तिथे खरं लिहावं. आठ लाख बाट, म्हणजे वीस लाखांहून अधिक रुपये, भारतातून पाठवताना आर्थिक वर्षात दहा लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ गोळा करते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोपर्यंत पैसा अडकतो. दोन आर्थिक वर्षांत, मार्च आणि एप्रिलमध्ये विभागून पाठवला तर भार पुष्कळ हलका होतो.

आरोग्याचं वेगळं सांगायला हवं. नोकरी लागली की सामाजिक सुरक्षेतून रुग्णालयाचा खर्च निघेल, अशी समजूत असते. तिथल्या योजनेत नोकरदार म्हणून नव्याने नोंद होण्याचं वय ६० पर्यंतच आहे. बासष्टाव्या वर्षी नोकरीला लागलेल्याला ते छत्र नाही. म्हणून निवृत्तीच्या व्हिसासाठी काढलेला आरोग्य विमा ‘आता नोकरी आहे’ म्हणून बंद करू नये. त्या वयात बंद केलेला विमा पुन्हा मिळत नाही, मिळाला तरी जुने आजार वगळून मिळतो.

आणि नोकरी संपेल तेव्हा काय, हे ती घेतानाच ठरवावं. नोकरीच्या कारणावर दिलेला मुक्काम नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो. परवान्यावर तारीख पुढची असली तरीही. त्या दिवशी इमिग्रेशनमध्ये जाऊन मुदत रद्द करायची, आणि त्याच दिवशी निघायचं, किंवा १,९०० बाट भरून सात दिवस मागून घ्यायचे. काही न करता राहिलात तर दिवसाला ५०० बाटप्रमाणे २०,००० पर्यंत दंड, आणि पासपोर्टावर कायमचा डाग. सात दिवसांत निवृत्तीच्या मुक्कामावर परत जाता येत नाही. नव्याने नॉन-ओ घ्यावा लागतो, आणि त्याच्या वार्षिक मुदतवाढीसाठी आठ लाख बाट अर्जाआधी दोन महिने खात्यात पडून असावे लागतात. मंजुरीनंतरही तीन महिने ते तसेच ठेवायचे, पुढे वर्षभर चार लाखांच्या खाली जाऊ द्यायचे नाहीत.

म्हणूनच नोकरी लागल्याच्या आनंदात ती ठेव मोडायची नाही. गाडी घ्यायला नाही, मुलाच्या घराला हातभार म्हणून नाही. पगार वेगळ्या खात्यात घ्यावा आणि या खात्याच्या पासबुकाला हात लावू नये. फक्त वर्षातून दोनदा बँकेत जाऊन नोंदी छापून घ्याव्यात, कारण वर्षभर न छापलेलं पासबुक मशीन सगळ्या नोंदींची एकच ओळ करून छापतं, आणि इमिग्रेशनच्या खिडकीवर ती एक ओळ चालत नाही. अर्जाच्या दिवशी सकाळी शंभर बाट भरून किंवा काढून ताजी नोंद छापायची, शाखेकडून शिल्लक रकमेचं पत्र घ्यायचं, आणि मग रांगेत उभं राहायचं.